'ग्राहक उपलब्ध नाही' : नागपूरच्या कुरिअर कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
नागपूर विभाग सांभाळणाऱ्या सर्व कुरिअर आणि पार्सल कंपन्यांचे व्यवस्थापक,

स. न. वि. वि.

हे पत्र कुणा एका कंपनीच्या नावाने लिहिलेलं नाही. एकीचं नाव टाकलं असतं तर बाकीच्यांनी 'चला, आपण नाही' म्हणत पुढचं काम हातात घेतलं असतं. तसं व्हायला नको, म्हणून सगळ्यांना एकत्रच लिहिते आहे.

बेसा रोडच्या पुढे एका ले-आउटमध्ये माझं घर आहे आणि घरातूनच वाळवणाचा धंदा चालतो. मुंगवड्या, खारोड्या, कुरडया, भरल्या मिरच्या, सावजी मसाला, हंगामात संत्रा बर्फी. नोकरीसाठी पुण्या-मुंबईला, बंगळुरूला गेलेली विदर्भातली पोरंपोरी ही माझी गिऱ्हाइकं. त्यामुळे पार्सलं घेऊन तुमच्या काउंटरवर मी कायम उभी असते, आणि डबे, लेबलं, पॅकिंगच्या पिशव्या मागवते तेव्हा तुमच्या पोरांची वाटही बघत असते. देणारी मी, घेणारी पण मी.

पार्सल उशिरा येतं ही माझी तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकते. नागपूरचा उन्हाळा मला माहीत आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. अशा उन्हात पाठीला एवढं मोठं धूड बांधून दुचाकीवर फिरणाऱ्या पोराने दोन पार्सलं उद्यावर टाकली, तर त्याला बोलायला माझी जीभ रेटत नाही. पावसाळ्यात आमच्याच ले-आउटच्या चिखलात चप्पल रुतून बसते. गाड्या बिघडतात, सणावाराला माल तुंबतो. उशीर झाला तर झाला. 'आज जमलं नाही, उद्या आणतो' एवढा निरोप आला तरी माझं समाधान होतं.

तक्रार एका ओळीबद्दल आहे. 'डिलिव्हरीचा प्रयत्न केला, ग्राहक उपलब्ध नाही.'

अहो, मी जाणार कुठे? धंदाच घरात आहे. गच्चीवर वाळवण पसरलेलं असतं आणि कबुतरं टपलेली असतात, त्यामुळे तिथून हलायची सोय नसते. आमच्या गच्चीवरून गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसते. सकाळी अ‍ॅपवर 'आउट फॉर डिलिव्हरी' उमटतं. मग दिवसभर ना फोन, ना बेल, ना गेटचा खडखडाट. आणि सांजवात लावायच्या वेळी मेसेज येऊन पडतो की आमचा माणूस येऊन गेला, तुम्हीच नव्हत्या. कधी त्यात 'ग्राहकाने दुसरी तारीख मागितली' असं असतं. कुणाला मागितली, कधी मागितली? कधी 'पत्ता अपूर्ण' असतं, आणि त्याच पत्त्यावर त्याच कंपनीने मागच्या आठवड्यात पार्सल दिलेलं असतं.

तुमच्या लेखी ही एक किरकोळ नोंद असेल. माझ्यासारख्या विकणारीला ती काय करते ते बघा. दिवाळीच्या आधी वर्ध्याच्या एका बाईंनी हिंजवडीला राहणाऱ्या लेकीसाठी माझ्याकडून कुरडया आणि संत्रा बर्फी पाठवली. लेक घरून काम करणारी, सोसायटीच्या गेटवर रखवालदार, त्याच्या वहीत येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद. तिथे कुरिअरवाला आल्याची नोंदच नाही. तिने वहीच्या पानाचा फोटो काढून पाठवला, तो मी इथल्या काउंटरवर दाखवला. काउंटरवरचा मुलगा स्क्रीनकडे बघून म्हणाला, "ताई, तुमचं बरोबर असन, पण सिस्टीममध्ये तर कस्टमर नॉट अवेलेबल दाखवून राहिलं ना." झालं. जिवंत बाई घरात बसली आहे हे खोटं आणि सिस्टीम खरी.

खोकं परत आलं. तुमच्या भाषेत आरटीओ, 'रिटर्न टू ओरिजिन', म्हणजे पाठवणाऱ्याकडे परत. एक कोपरा पूर्ण चेपलेला, मी लावलेल्या टेपवर ब्राउन टेपचे आणखी थर, माझ्या लेबलवर दुसरं लेबल, त्यावर मार्करने आडवंतिडवं काहीतरी खरडलेलं. उघडलं तर कुरडयांचा चुरा, आणि बर्फीचा वास आत सगळीकडे भरलेला. जायचं भाडं मी भरलंच होतं, परत यायचं भाडंही माझ्याच खात्यातून कापून घेतलं. नुकसानभरपाईचा अर्ज केला, तर उत्तर आलं की ग्राहक उपलब्ध नसल्यामुळे माल परत आला, सबब कंपनी जबाबदार नाही. त्या एका ओळीने माल गेला, भाडं दोनदा गेलं, आणि वर दोष माझ्या गिऱ्हाइकाच्या माथी बसला. वर्ध्याच्या बाईंनी मला काही म्हटलं नाही, पण त्यांची पुढची ऑर्डरही आली नाही.

ही ओळ लिहिली कशी जाते ते मला तुमच्याच एका पोराने सांगितलं. त्याची कंपनी सांगत नाही, नाहीतर उद्या त्याचं काम जाईल. उन्हातून आला म्हणून गूळ-पाणी दिलं आणि सहज विचारलं, तर बिचारा मोकळेपणाने बोलला. सकाळी हबमध्ये, म्हणजे माल वाटणाऱ्या केंद्रात, रनशीट (त्या दिवशी वाटायच्या पार्सलांची यादी) हातात पडते तेव्हाच कळतं की एवढी पार्सलं एका दिवसात वाटून होणार नाहीत. तरी सगळी अंगावर घ्यावी लागतात. पेट्रोल स्वतःचं, गाडी स्वतःची, पैसे दिलेल्या पार्सलचे; जे दिलं गेलं नाही त्याचे शून्य. रात्री हबमध्ये सीओडीची, म्हणजे दारात माल देऊन घेतलेली, रोकड जमा करण्याआधी शीटवरचं प्रत्येक पार्सल काहीतरी कारण देऊन बंद करावं लागतं. कारणांची यादी मोबाइलवर तयारच असते : ग्राहक नाही, फोन लागला नाही, पत्ता सापडला नाही, ग्राहकाने नाकारलं, ग्राहकाने तारीख बदलली. "काकू, मी पोहोचलोच नाही असं टाकायले त्याच्यात जागाच नाही ना. काही तरी एक दाबाच लागते. जे दाबलं ते दाबलं."

ती यादी पुन्हा एकदा वाचा, साहेब. त्यातलं प्रत्येक कारण ग्राहकाकडे बोट दाखवतं. कंपनीने माणसाच्या आवाक्याबाहेरचा माल त्याच्या गळ्यात मारला, असं सांगणारं एकही कारण तिथे नाही. ती यादी त्या पोराने केलेली नाही. ती वरच्या मजल्यावर, वातानुकूलित खोलीत कुणीतरी विचारपूर्वक बनवली आहे. पोरगा फक्त दाबतो. म्हणून आमच्या गल्लीत त्याच्यावर कुणी आवाज चढवला की मला वाईट वाटतं. भांडण तुमच्याशी आहे आणि तुम्ही तर कधी गल्लीत येतच नाही.

तुम्ही माल लांबून किती वेगाने आणता याचं मला खरोखर कौतुक आहे. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये शेवटपर्यंत खुला झाला. त्याचं एक टोक आमच्याकडे हिंगण्याजवळ शिवमडक्याला, दुसरं भिवंडीजवळ आमण्याला. भिवंडी म्हणजे गोदामांचंच गाव. तिथे संध्याकाळी गाडीत चढलेला माझा डब्यांचा गठ्ठा दुसऱ्या दिवशी नागपूरला लागून असलेल्या वाडीच्या हबमध्ये उतरलेला मी ट्रॅकिंगवर बघते. सातशे किलोमीटर एका रात्रीत! आणि मग वाडीहून बेशापर्यंत येताना तोच गठ्ठा रोज सकाळी हबमधून निघतो आणि रोज संध्याकाळी 'ग्राहक नाही' म्हणून परत जातो. खरंच निघतो की नाही देव जाणे. मला वाटतं तो वाडीच्या शेडमधून हलतही नसावा, नुसता स्कॅन होत असावा.

पत्त्याचं म्हणाल तर तिथे तुमची अडचण मला समजते, आणि त्यात आमच्या शहराचाही वाटा आहे. नागपूरच्या दक्षिणेला शेतजमिनी विकत घेऊन गृहनिर्माण संस्थांनी आपापले ले-आउट पाडले. प्रत्येकाने नंबर एकपासून सुरू केले. त्यामुळे प्लॉट नंबर ३१ आमच्या ले-आउटमध्ये आहे, रस्त्यापलीकडच्या ले-आउटमध्ये आहे आणि नाल्यापलीकडेही आहे. असे तुकडे पाडून विकलेले प्लॉट नियमित करणारा गुंठेवारीचा कायदा २००१ चा, पण त्यात नियमित होण्याची वाट बघत किती ले-आउट अजून बसले आहेत ते इथल्या कुणालाही विचारा. रस्त्यांना नावं नाहीत, म्हणून पत्त्यात 'हनुमान मंदिराच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ' लिहावं लागतं, आणि हनुमान मंदिरं काय, चौकाचौकांत आहेत.

पिनकोडने यात फार मदत होत नाही. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला. तो ज्यांनी आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी गृहस्थ, संस्कृतचे कवीही. सहा आकड्यांत देश बसवला त्यांनी. ४४० म्हटलं की नागपूर, ४४४ म्हटलं की अकोला-अमरावती, शेवटचे तीन आकडे थेट पोस्ट ऑफिसपर्यंत नेतात. पण पोस्ट ऑफिसपासून दारापर्यंतचं काम पोस्टमन करायचा, त्याला गल्ली तोंडपाठ असायची. तुमची पोरं दर दोन-तीन महिन्यांनी बदलतात, का टिकत नाहीत ते वर आलंच आहे. नव्या पोराला गल्ली कोण शिकवणार?

बरं, त्यावर उपायही आता हाताशी आहे. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये डिजिपिन आणला : दहा अक्षरं-आकडे, आणि साधारण चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन, म्हणजे माझं गेटच. मी माझा काढून ठेवला आहे. तो लिहायला रकाना मात्र मी ज्या ज्या कुरिअरचे फॉर्म भरते त्यातल्या एकातही नाही. ते जाऊ द्या. ऑर्डर देताना आमच्याकडून नकाशावर खूण करून घेतली जाते, घराच्या छपरावर बोट ठेवून. ती खूण पोरापर्यंत का पोहोचत नाही? तो बिचारा फोन करून पहिलं वाक्य हेच म्हणतो, "मॅडम, व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन टाका." आणि तो फोन आला तर आम्ही खूश असतो, कारण त्याचा अर्थ आज तो खरंच निघाला आहे.

वाळवणाचं नुकसान सोसता येतं. शेजारच्या काकूंचं इन्सुलिन मे महिन्यात असंच अडकलं तेव्हा मात्र हे पत्र लिहायचं मी ठरवलं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं, हे पाकिटावरच छापलेलं असतं. मुलाने मुंबईहून ऑर्डर केलं, आत बर्फाच्या पिशव्या घालून निघालं, वेळेवर नागपुरात आलंही. मग 'ग्राहक उपलब्ध नाही'. काकूंना गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही, त्या उपलब्ध नसतील तर कोण असेल? दुसऱ्या दिवशीही तेच. त्या पिशव्यांमधल्या बर्फाचं पत्र्याच्या शेडखाली काय झालं असेल, वेगळं सांगायला नको. शेवटी खोकं आलं तेव्हा आतली पुठ्ठ्याची पेटी ओली होऊन सुकलेली होती, पिशव्या गरम. आम्ही ते टाकून दिलं आणि माझा मुलगा मेडिकल चौकातून नवीन घेऊन आला. पैसे गेले ते गेले. पण पहिल्याच दिवशी 'आज पोहोचवणं होत नाही, हबमध्ये आहे' असा खरा निरोप आला असता तर हाच मुलगा गाडी काढून हबमधून घेऊन आला असता. खोट्या नोंदीने ती वाट बंद केली. 'उद्या येईल' म्हणून आम्ही बसून राहिलो.

हबमधून आणायचं म्हटलं तरी हब कुठे आहे ते तुम्ही सांगत नाही. टपाल खात्याचं सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही, पण पोस्टमन येऊन गेला आणि दार बंद असलं तर चिठ्ठी टाकून जातो. चिठ्ठी म्हणजे तो आल्याचा पुरावा, आणि वस्तू कुठल्या पोस्टात आहे तेही त्यावर असतं. तुमचं हब म्हणजे एखाद्या गल्लीतलं शटर, पाटी असली तर असली. नंबर द्या म्हटलं तर कस्टमर केअरची यांत्रिक बाई म्हणते तक्रार नोंदवली आहे, २४ ते ४८ तास वाट बघा. वैतागून माणूस इंटरनेटवर नंबर शोधतो आणि तिथे भामटे जाळं लावून बसलेलेच असतात. 'पत्ता अपूर्ण आहे, या लिंकवर पाच रुपये भरा' असे मेसेज तर रोजचे झाले. लोक त्यात का फसतात? कारण तुमचे खरे मेसेजही हुबेहूब तसेच असतात, 'पत्ता अपूर्ण'. फसल्यावर १९३० वर तक्रार करायची हे पोलीस सांगतात. फसू नये म्हणून हबचा एक खरा नंबर पार्सलच्या लेबलवर छापा, हे तुम्हाला कोण सांगणार? म्हणून मीच सांगते.

यंदा माझ्या वहिनीच्या बहिणीची राखी पोळ्याला पोहोचली. पौर्णिमेची राखी अमावास्येला! दुसऱ्या दिवशी शहरातल्या महाल भागात मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, बघायला गेलो होतो. तिथे दरवर्षी लोकांना छळणाऱ्या एकेका गोष्टीचा बडग्या, म्हणजे पुतळा, निघतो, महागाईचा, भ्रष्टाचाराचा, खड्ड्यांचा. पुढच्या वर्षी पाठीला बॅग लावलेला बडग्या निघाला तर तो त्या पोराचा नसेल, कोट-टायवाल्याचा असेल, एवढं सुचवून ठेवते. 'ईडा-पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणणाऱ्यांत मी पहिल्या रांगेत असेन.

आता कायद्याचं. तुमचे लोक घेणाऱ्याला नेहमी सांगतात, "आमचा करार पाठवणाऱ्याशी आहे, तुम्ही सेंडरला बोला." ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ग्राहकाच्या व्याख्येतच सेवेचा लाभ घेणाराही धरला आहे, फक्त पैसे मोजणारा नाही. तेव्हा दारात वाट बघणारी काकू पण तुमची ग्राहकच. राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे तुमचं मुख्य कार्यालय गुरुग्रामला असो की बंगळुरूला, नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात उत्तर द्यावं लागेल. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर तक्रारीला शुल्कही नाही, आणि ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. ऑनलाइन विकणाऱ्या कंपन्यांना २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार ४८ तासांत पोचल्याचं कळवावं लागतं आणि महिन्याभरात निकाली काढावी लागते.

हे सगळं मला पाठ झालं आहे, वापरूनही बघितलं आहे. आणि प्रत्येक ठिकाणी गाडी त्याच ओळीवर येऊन अडते. हेल्पलाइनवर तक्रार केली की कंपनी स्क्रीनशॉट जोडते : प्रयत्न केला, ग्राहक उपलब्ध नाही. विकणाऱ्या कंपनीकडे गेलं की तीही तोच पुढे करते. मी घरी होते याचा पुरावा मी काय देऊ? गच्चीवरच्या खारोड्यांची साक्ष काढू? तुमच्याकडे मात्र पुरावा असतो. पोराचा मोबाइल दिवसभर कुठे होता ते तुमच्या सर्व्हरला माहीत असतं, त्याने मला फोन लावला की नाही तेही. ते तुम्ही दाखवत नाही. दाखवत असता तर निम्म्या तक्रारी पहिल्या दिवशीच मिटल्या असत्या, अर्थात तुमच्या विरोधात.

म्हणून मागणी लांबलचक नाही. पोरांच्या अ‍ॅपमधल्या त्या यादीत एक कारण वाढवा : 'आज पोहोचलो नाही'. ते दाबलं म्हणून त्याचा पैसा कापू नका, रेटिंग पाडू नका, हबच्या मॅनेजरला वरून झापू नका, नाहीतर ते कारण तिथे असून कुणी दाबणारच नाही. आणि 'ग्राहक उपलब्ध नाही' हे दाबायचं असेल तर घराच्या आसपास असल्याशिवाय आणि फोन लावल्याशिवाय ते उमटू नये. उमटलं तर त्याच मेसेजमध्ये वेळ, ठिकाण आणि लावलेला फोन आम्हाला दिसावा, खाली एक बटण असावं, 'हे खोटं आहे', आणि ते दाबल्यावर पार्सल परतीच्या गाडीत चढायचं थांबावं. औषधांच्या खोक्यांना तर पहिल्याच दिवशी हबमधून स्वतः नेण्याची मुभा हवी, पत्त्यासकट आणि नंबरसकट. परतीचं भाडं विकणाऱ्याकडून घेण्याआधी एवढी शहानिशा करा.

रनशीट छोटी करा असंही म्हणणार होते, पण त्याला माणसं जास्त लागतील, पैसे लागतील, आणि तुम्ही समिती नेमाल. यादीत एक ओळ वाढवायला समिती लागत नाही.

दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी नवरात्रानंतर सुरू होतात. कोजागिरीपासून माझी पार्सलं तुमच्या काउंटरवर येऊ लागतील, आणि आमच्या भागातल्या माझ्यासारख्या आणखी बायकांचीही. आम्ही आपसात ठरवलं आहे की ज्या कंपनीच्या अ‍ॅपमध्ये तोवर ही सुधारणा झाली असेल तिच्याकडे माल द्यायचा, भाडं दोन पैसे जास्त असलं तरी. कुणीच केली नाही तर स्पीड पोस्ट आहेच. उत्तर देणार असाल तर कृपया माणसाच्या सहीने द्या, तिकीट नंबर पाठवू नका.

आपली,
बेसा परिसरातली एक गृहउद्योजिका
(जी दिवसभर घरीच असते)